जुन्या डेस्कटॉपला एनव्हीएमई: कार्ड बसवणं सोपं, स्लॉट ओळखणं महत्त्वाचं

चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, सोळा जीबी रॅम, मागाहून घातलेलं जीटीएक्स १०५० टीआय आणि सगळा भार वाहणारी एक हार्ड डिस्क. आमच्या कोल्हापूर भागात फोटो स्टुडिओचं मशीन म्हटलं की अजूनही बरेचदा हेच समोर येतं. लग्नसराई तोंडावर आली की असे डबे माझ्या टेबलावर यायला लागतात आणि विचारणा एकच असते, "दादा, लई स्लो चाललंय. नवीनच घ्यायला लागतंय काय?"

बहुतेक वेळा नाही लागत. पण "एसएसडी टाका" एवढं सांगूनही भागत नाही. बाजारात आता जिकडेतिकडे एनव्हीएमई, म्हणजे एसएसडीचा जास्त वेगवान प्रकारच, दिसते, ती बसते एम.२ नावाच्या छोट्या स्लॉटमध्ये, आणि २०१३ च्या आसपासच्या साध्या मदरबोर्डावर तो स्लॉटच नसतो. तिथे पीसीआय एक्सप्रेसचं, म्हणजे ग्राफिक्स कार्ड बसतं तसल्या स्लॉटचं, अडॅप्टर कार्ड कामाला येतं. एनव्हीएमई ड्राइव्ह मुळात पीसीआय एक्सप्रेसवरच चालते. त्यामुळे एका ड्राइव्हच्या साध्या कार्डावर विचार करणारी चिप नसतेच. एम.२ चे संपर्क स्लॉटच्या संपर्कांना जोडून दिलेले असतात, एवढंच. म्हणून कार्ड स्वस्त असतं, आणि म्हणूनच वेग कार्डावर ठरत नाही, तुमच्या स्लॉटवर ठरतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना घोळ नको. इतक्या जुन्या मशीनमध्ये विंडोज साध्या २.५ इंची साटा एसएसडीवर (हार्ड डिस्कसारखी केबलने जोडतात ती) ठेवायचं आणि चालू काम कार्डावरच्या एनव्हीएमईवर. विंडोजही एनव्हीएमईवरून बूट करायचा हट्ट धरू नये. का, ते पुढे येतंच.

आधी डबा उघडा, मग खरेदी करा

बोर्डावर लांब स्लॉट दिसला की तो पूर्ण सोळा लेनचाच (लेन म्हणजे डेटा जायची एक वाट) असेल असं समजू नका. बऱ्याच बोर्डांवर दोन लांब स्लॉट असतात. वरचा प्रोसेसरला थेट जोडलेला आणि सोळा लेनचा. खालचा दिसायला तेवढाच, पण आत वायरिंग चारच लेनचं, तेही चिपसेटमधून, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपमधून, आलेलं. बोर्डाचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवर मिळतं, त्यात "एक्स४ मोड" असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मॅन्युअल नसेल तर टॉर्च मारून स्लॉटच्या आत बघा. पितळी पिना अर्ध्याच्याही आधी संपत असतील तर लेन कमी आहेत.

लेनचा हिशोब असा. पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीत एका लेनमधून सेकंदाला ५०० एमबी जातात, तिसऱ्या पिढीत सुमारे ९८५. चार लेन धरल्या तर कागदावर अनुक्रमे २ जीबी आणि ३.९ जीबी होतात. प्रत्यक्षात दुसऱ्या पिढीच्या चार लेनवर मला दीड-पावणेदोन जीबीच्या आसपास मिळतात, तिसऱ्या पिढीवर साडेतीनच्या जवळ. साटा ६ गिगाबिटवरची एसएसडी साडेपाचशे एमबीला थांबते. म्हणजे खालच्या, कमी दर्जाच्या स्लॉटमध्येही साटाच्या तिप्पट वेग येतो.

आता चिपसेट बघू. बी८५ असेल तर वरचा स्लॉट तिसऱ्या पिढीचा आणि चिपसेटचे बाकीचे स्लॉट दुसऱ्या पिढीचे. एच८१ असेल तर वरचाही दुसऱ्याच पिढीचा. एच६१ वाल्यांची गोष्ट वेगळी. त्या चिपसेटला साटा ६ गिगाबिट नाहीच, ३ गिगाबिटवर एसएसडी पावणेतीनशे एमबीला अडकते. त्यामुळे कार्डाचा सगळ्यात मोठा फरक खरं तर त्याच गरीब बोर्डावर जाणवतो.

स्टुडिओच्या मशीनमध्ये वरचा स्लॉट ग्राफिक्स कार्डाने अडवलेला असतो, म्हणून आपलं कार्ड खाली जातं. इथे एक मर्यादा लक्षात ठेवा. खालचा स्लॉट, साटाचे सगळे पोर्ट, यूएसबी, लॅन ही सगळी वाहतूक चिपसेटमधून प्रोसेसरकडे एकाच जोडणीने जाते आणि या पिढीत ती जोडणी सेकंदाला साधारण २ जीबीची. अलीकडे कितीही पदरी रस्ता करा, किणीचा टोलनाका ओलांडायचाच आहे. हार्ड डिस्कवरून कॉपी चालू असताना एनव्हीएमईचा आकडा थोडा खाली आला तर ड्राइव्ह खराब आहे असं समजू नका.

घरचं मशीन असेल, ग्राफिक्स कार्ड नसेल, तर प्रश्नच मिटला. कार्ड सरळ वरच्या स्लॉटमध्ये घाला. चार लेनचं कार्ड सोळा लेनच्या स्लॉटमध्ये बिनदिक्कत चालतं. काही बोर्ड मात्र त्या स्लॉटमध्ये काहीतरी दिसलं की आतलं ग्राफिक्स बंद करतात आणि स्क्रीन काळी राहते. आधीच बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन इंटरनल ग्राफिक्स "ऑटो"वरून "एनेबल" करून ठेवलं की ही कटकट होत नाही.

सगळ्यात छोटा, बोटाच्या पेराएवढा स्लॉट म्हणजे एक लेन. त्यासाठीची एक्स१ कार्डंही मिळतात. दुसऱ्या पिढीच्या एका लेनवर जेमतेम चारशे एमबी हाती लागतात, साटापेक्षाही कमी. साटाचे पोर्ट संपले असतील किंवा बोर्ड एच६१ असेल तरच घ्या.

दुकानात काय मागायचं

कार्ड मागताना "एनव्हीएमई, एम की, एक्स४" असं नीट म्हणा. एम की म्हणजे खाचेची जागा, एक्स४ म्हणजे चार लेन. नुसतं "एम.२ कार्ड द्या" म्हटलं की भलत्याच वस्तू हातात येऊ शकतात. एक असतं जोडकार्ड. त्यावर दोन एम.२ जागा असतात, त्यातली एकच एनव्हीएमईसाठी. दुसरी साटा एम.२ साठी असते आणि तिला बोर्डाच्या साटा पोर्टमधून वेगळी केबल लागते. वाईट नाही, पण दोन्हीकडे एनव्हीएमई लावायच्या विचाराने घेतलं तर फसाल. दुसरं असतं चार ड्राइव्हचं मोठं सोळा लेनचं कार्ड. त्याला बोर्डाने आपला स्लॉट चार-चार लेनमध्ये विभागून द्यावा लागतो आणि ही सोय आपल्या जुन्या साध्या बोर्डांत नसते. तिथे चारपैकी एकच ड्राइव्ह दिसते. कार्डावरच स्विच चिप असलेलं चालतं, पण त्याच्या किमतीत माणूस बोर्डच बदलेल.

ड्राइव्ह घेताना लेबल वाचा. एम.२ हा फक्त आकार आहे. त्याच आकारात साटावर चालणारी एसएसडीही येते आणि ती या कार्डावर अजिबात दिसणार नाही. ढोबळ खूण अशी की साटावाल्या पट्टीला दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईला बहुतेक एकच. पण काही एनव्हीएमईलाही दोन खाचा असतात, म्हणून शेवटचा शब्द लेबलाचा. लांबी २२८० घ्या, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. बहुतेक सगळी कार्डं ती घेतात.

पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या महागड्या ड्राइव्हवर पैसे घालवू नका. चालेल ती, पण स्लॉटच्या वेगाने चालेल. त्यापेक्षा तेवढ्याच पैशांत जागा जास्त घ्या आणि बघायचंच असेल तर टीएलसी आहे की क्यूएलसी ते बघा (मेमरीच्या एका पेशीत टीएलसी तीन बिट ठेवते, क्यूएलसी चार). लग्नाचा २०० जीबीचा फोल्डर एकदम ओतताना क्यूएलसी ड्राइव्ह सुरुवातीला पळते आणि आतला वेगवान कॅशे भरला की बसकण मारते. लिहिण्याच्या आयुष्याचाही फरक आहे. डब्ल्यूडी ब्लू एसएन५७० च्या १ टीबीला ६०० टेराबाइट लिहिण्याची हमी होती, क्रुशियल पी३ च्या १ टीबीला २२० ची. रोज १०० जीबी लिहिलं तर पहिली १६ वर्षं होतात, दुसरी ६. घरच्या वापराला दोन्ही पुरून उरतात. स्टुडिओला मी टीएलसीच देतो.

अनोळखी नावाची "२ टीबी" फारच स्वस्तात मिळत असेल तर तिथून उठा. घेतलीच असेल तर एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. क्षमता खोटी असली की तिथे उघडी पडते.

बारीक उभा ऑफिस डबा असेल तर छोटी, लो प्रोफाइल ब्रॅकेट (कार्डाच्या टोकाची पत्र्याची पट्टी) सोबत आहे का हे दुकानातच बघा. नंतर ती एकटी मिळत नाही.

बूटचा हट्ट

एनव्हीएमईवरून मशीन चालू व्हायची असेल तर विंडोज सुरू होण्याआधी बायोसला ती ड्राइव्ह वाचता आली पाहिजे. ते शहाणपण साधारण २०१४ च्या झेड९७-एच९७ बोर्डांपासून यायला लागलं आणि २०१५ च्या स्कायलेकपासून सरसकट आलं. बी८५ आणि त्याआधीच्या बोर्डांत बहुधा नाही. अपवाद म्हणून सॅमसंगची ९५० प्रो होती, तिच्या पोटातच बूटचा जुना रॉम होता, पण ती आता शोधणार कुठे?

यूट्यूबवर दोन रस्ते दाखवतात. एक म्हणजे बायोसच्या फाइलमध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर घुसवून ती फाइल फ्लॅश करायची, म्हणजे बोर्डाच्या चिपवर लिहायची. दुसरा म्हणजे पेनड्राइव्हवर क्लोव्हर नावाचा बूट करून देणारा प्रोग्राम टाकून आधी त्यावरून बूट करायचं. दोन्ही चालतात. स्वतःचं मशीन असेल, हौस असेल आणि बिघडलं तर चिप काढून प्रोग्राम करायची तयारी असेल तर खुशाल करा. गिऱ्हाइकाच्या मशीनला मी करत नाही. स्टुडिओत पोरं कामाला असतात, कुणीतरी तो पेनड्राइव्ह उपसून त्यात गाणी भरतो आणि ऐन हळदीच्या दिवशी मशीन चालू होत नाही.

लिनक्सवाल्यांना मात्र पळवाट आहे. बूट विभाग साटा डिस्कवर ठेवायचा आणि रूट एनव्हीएमईवर. कर्नल एकदा वर आला की तो आपल्याच ड्रायव्हरने एनव्हीएमई वाचतो, बायोसला विचारतच नाही. विंडोजला हे जमत नाही.

आणि खरं सांगू? विंडोज साटा एसएसडीवर आणि एनव्हीएमईवर, दोन्हीकडे चालवून बघितलं तर रोजच्या वापरात फरक शोधावा लागतो. मोठी उडी असते हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर येण्यात.

बसवणं

मशीन शटडाउन करा. मागचा वायर पूर्ण उपसा, नुसतं बटण बंद नको. जुन्या घरांत प्लगला अर्थिंग नसतं आणि डब्याला हात लावला की मुंग्या येतात, हे आपल्याकडे नवीन नाही. वायर काढल्यावर पॉवरचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा, एसएमपीएसमध्ये साठलेलं निघून जातं. मग डब्याच्या उघड्या, रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा आणि त्यानंतरच पट्टीला. नायलॉनचा शर्ट आणि सतरंजी, ही जोडी त्या दिवशी टाळलेली बरी.

ड्राइव्ह आधी टेबलावरच कार्डात बसवा. कार्डावर लांबीप्रमाणे भोकं असतात, ८० लिहिलेल्या भोकात छोटा पितळी खांब लावा. पट्टी तीसेक अंशांच्या तिरप्या कोनात सरकवा. नीट गेली की सोनेरी संपर्क जवळपास दिसेनासे होतात. मग हलकेच खाली दाबून स्क्रू. हा स्क्रू घड्याळवाल्याच्या मापाचा असतो, टेकला की थांबा. सोबत अॅल्युमिनियमचा हीटसिंक आला असेल तर थर्मल पॅडच्या दोन्ही बाजूंची पातळ फिल्म काढायची आठवण ठेवा. ड्राइव्हवरचं लेबल मात्र सोलू नका, वॉरंटी जाते. पॅड लेबलावरच लावायचा.

स्लॉटमध्ये वर्षानुवर्षांची धूळ असते. ब्लोअर मारा. पंख्याला बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वाऱ्याने भिरभिरतो. आमच्याकडे पावसाळ्यात दमट हवेने संपर्क काळे पडतात. ग्राफिक्स कार्ड किंवा रॅम काढलीच असेल तर तिच्या संपर्कांवर पांढरा खोडरबर फिरवून घ्या, कीस झटकून टाका.

मागची पत्र्याची पट्टी काढा, कार्ड दोन्ही टोकांना सारखा दाब देत सरळ खाली बसवा. आता एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट. लांब स्लॉटच्या टोकाला जी लॅच असते ती आपल्या आखूड कार्डापर्यंत पोचतच नाही. म्हणजे कार्डाला धरून ठेवणारा ब्रॅकेटचा स्क्रू एकटाच. तो लावलाच पाहिजे. डबा परत गारगोटी किंवा चंदगडला गाडीच्या डिकीत जाणार असेल तर दोनदा बघा. वेगळी पॉवर केबल लागत नाही, स्लॉटमधूनच वीज मिळते.

ग्राफिक्स कार्डाचा पंखा आणि आपलं कार्ड यांच्यात एखादी जागा रिकामी सोडता आली तर सोडा. अगदी चिकटून बसलं तर दोघंही एकमेकांना तापवतात. एनव्हीएमई सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे गेली की स्वतःच वेग कमी करते.

चालू केल्यावर

बायोसमध्ये ड्राइव्ह दिसणार नाही. घाबरू नका. वर सांगितलं तेच कारण, जुन्या बायोसला ती वाचता येत नाही. विंडोज १० मध्ये ड्रायव्हर आधीपासून असतो, त्याला दिसते. विंडोज ७ वर अजून कुणी असेल तर त्याला मायक्रोसॉफ्टचा वेगळा पॅच लागतो, आणि खरं म्हणजे त्याने आधी विंडोज बदलावं.

स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. "इनिशिअलाइझ डिस्क" असं विचारेल, जीपीटी निवडा. इथे डिस्कचा क्रमांक आणि साइज दोन्ही वाचून मगच ओके म्हणा. मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक, न्यू सिम्पल व्हॉल्यूम, एनटीएफएस, क्विक फॉरमॅट. ड्राइव्हचं अक्षर मी शेवटाकडचं देतो, डब्ल्यू वगैरे. पेनड्राइव्ह आणि कार्ड रीडर डी, ई, एफ वर येत-जात राहतात. उद्या अक्षर सरकलं की लाइटरूम सगळ्या फोटोंवर प्रश्नचिन्ह दाखवतं आणि फोन मला येतो.

आता क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. "ट्रान्सफर मोड"मध्ये दोन गोष्टी असतात, सध्या मिळतंय ते आणि ड्राइव्हची क्षमता. बी८५ च्या खालच्या स्लॉटमध्ये "पीसीआयई २.० एक्स४" आणि शेजारी "३.० एक्स४" दिसलं तर सगळं बरोबर आहे. एक्स४ च्या जागी एक्स१ किंवा एक्स२ दिसलं तर पहिल्यांदा कार्ड काढून परत नीट दाबून बसवा. तरीही तेच असेल तर बायोसमध्ये बघा. काही बोर्डांवर खालचा लांब स्लॉट आणि छोटे स्लॉट लेन वाटून घेतात, आणि "एक्स४" निवडलं की छोटे बंद होतात. तिथे वायफाय कार्ड असेल तर कोण महत्त्वाचं ते तुम्ही ठरवा.

या वेगाचं करायचं काय

इथे स्टुडिओवाल्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज असतो. ४के व्हिडिओ अडखळतो म्हणून एनव्हीएमई पाहिजे म्हणतात. हिशोब करा. कॅमेऱ्याचं ४के फुटेज १०० मेगाबिटचं असेल तर सेकंदाला साडेबारा एमबी वाचावे लागतात. ते म्हातारी हार्ड डिस्कसुद्धा देते. अडखळतो तो प्रोसेसर, त्यात फुटेज एच.२६५ असेल तर चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह घाम गाळतो. त्यावर उपाय प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवणं, ड्राइव्ह नव्हे. तसंच मेमरी कार्डावरून कॉपी. साध्या रीडरमध्ये यूएचएस-वन कार्डाची कमाल सेकंदाला १०४ एमबी आहे, पलीकडे कुठलीही ड्राइव्ह लावा, ते तेवढंच देणार.

फायदा होतो तो हजारो छोट्या फाइलींच्या धावपळीत. लाइटरूमचा कॅटलॉग आणि त्याचे प्रिव्ह्यू, तीन-चार हजार रॉ फोटोंमधून पटापट निवड, प्रीमियरचा मीडिया कॅशे, तीन कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र लावलेली टाइमलाइन, अल्बमच्या मोठ्या पीएसडी. म्हणून हेच हलवा. लाइटरूम बंद करून कॅटलॉगचा अख्खा फोल्डर नव्या ड्राइव्हवर कॉपी करायचा आणि तिथल्याच फाइलवर डबल क्लिक करून उघडायचं. प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या मीडिया कॅशेत नवा फोल्डर द्यायचा. फोटोशॉपला स्क्रॅच डिस्क म्हणून हीच ड्राइव्ह पहिली ठेवायची. तीन-चार हजार फोटोंची निवड करताना प्रत्येक क्लिकनंतरची ती थांबण्याची वेळ नाहीशी झाली की पैसे वसूल.

ड्राइव्ह काठोकाठ भरू नका, पंधरा-वीस टक्के मोकळी असू द्या, नाहीतर लिहिण्याचा वेग पडतो. अल्बम पार्टीला दिला की ते काम हार्ड डिस्कवर हलवा. जुनी हार्ड डिस्क फेकायची नाही, तिचं काम आता गोदामाचं, आणि तिची एक प्रत घरीही. हार्ड डिस्क मरताना बऱ्याचदा आधी कुरकुरते. एसएसडी काल चालू होती आणि आज दिसत नाही, असंच होतं. शिवाय पुसलेली फाइल एसएसडीवरून परत काढणं जवळपास अशक्य, कारण विंडोज ती जागा लगेच मोकळी करायला सांगतं. रिकव्हरीवाल्याच्या भरवशावर राहू नका.

लाइट जाण्याचाही विचार करा. साध्या ग्राहकी एसएसडीत अर्धवट लिहिलेलं वाचवायला मोठे कपॅसिटर नसतात. यूपीएस नसेल तर कार्डाच्या आधी तो घ्या, हे मी तोंडावर सांगतो, मग माझा धंदा महिनाभर लांबला तरी चालेल.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणून या मशीनवर नेट बँकिंग नको, एडिटिंगपुरतं ठेवा. पुढे नवा बोर्ड घ्याल तेव्हा हीच ड्राइव्ह कार्डावरून काढून सरळ त्याच्या एम.२ मध्ये बसते, सगळा डेटा जसाच्या तसा, आणि तिथे तिला तिचा पूर्ण वेगही मिळतो. त्यासाठी बिल जपून ठेवा. चांगल्या ड्राइव्हना तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असते आणि थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात कोरं होतं. फोटो काढून ठेवा, फक्त त्याच ड्राइव्हवर नको.